खाडे वजा

ज्योत्स्नाच्या कराटे क्लासात चौसष्ट पोरं होती आणि तरीही क्लास बुडायला आला होता.

बाहेरून बघणाऱ्याला हे शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. बीडला धानोरा रोडवर, खत-बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा हॉल. संध्याकाळी साडेपाच वाजले की जिना चपलांनी भरून जायचा. पांढऱ्या ड्रेसातली पोरं एका दमात अशी ओरडायची की खाली सोयाबीनच्या बियाण्याचा भाव करणारी माणसं दचकून छताकडे बघायची. दुकानदार रोज कपाळाला हात लावायचा. "बाई खोऱ्यानं पैसा ओढती," असं गल्लीत सगळेच म्हणायचे. ओढत असती तर बिचारीनं नाही कशाला म्हटलं असतं!

फी महिन्याला सहाशे. चौसष्ट पोरांचे अडतीस हजार चारशे व्हायला हवेत. पण महिनाअखेरीला ज्योत्स्नाच्या हातात तेवीस, फार तर चोवीस हजार यायचे. त्यातून हॉलचं भाडं अकरा हजार, लाइटचं बिल चौदाशे. उरलेल्या अकरा हजारांत ती, तिची आई मुक्ताबाई, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि स्कूटीचं पेट्रोल. सहा वर्षं तिनं हे रेटलं होतं. आता संभाजीनगरच्या एका निवासी शाळेनं तिला खेळशिक्षिका म्हणून बोलावलं होतं. पगार बत्तीस हजार, वर राहायला खोली. होय किंवा नाही ते सोमवारी कळवायचं होतं, आणि होय म्हटलं की क्लासला कुलूप.

मंगळवारी दुपारी ती घरी येऊन फरशीवर पाय पसरून बसली. मुक्ताबाई सुपात तूर निवडत होत्या. बावीस वर्षं त्यांनी कोचिंग क्लासच्या पोरांची मेस चालवली होती. केजपासून गेवराईपर्यंतची पोरं त्यांच्या हातची भाकरी खाऊन डॉक्टर-इंजिनिअर झाली होती आणि अजूनही वाटेत भेटली की मुक्तामावशी म्हणून पायाला हात लावायची. गुडघे गेले तेव्हा मेस बंद झाली, पण हिशोबी डोकं जागच्या जागी होतं.

"माय, मी सोमवारी होय म्हणून टाकते," ज्योत्स्ना म्हणाली.

"म्हन की. तुझी नोकरी, तुझा जीव." मुक्ताबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "पन जाताना मला एक कोडं सोडवून जा. चाळीस डब्यावर मी हे घर बांधलं. तुझ्याकडं चौसष्ट पोरं असून तुला कावून पुरत न्हाई?"

"खाडे जातात ना गं त्यातून."

"कशाचे खाडे?"

"पोरं आली नाहीत त्या दिवसांचे. एका खाड्याचे तेवीस रुपये वजा करते मी. कार्डावरच छापलंय तसं."

मुक्ताबाईंचा हात सुपातच थांबला. लेकीकडे त्या अशा बघत राहिल्या, की ज्योत्स्नाला वाटलं आता हिची शुगर वाढली. आणि मग त्या हसायला लागल्या. सूप मांडीवरून घसरलं, तूर फरशीवर पसरली, तरी हसू थांबेना.

"अगं येडे! तुला कराटे कुनी शिकवलं ते मला म्हाईत हाय. हे खाडे कुनी शिकवले?"

"तू," ज्योत्स्ना चिडून म्हणाली. "लहानपणापासून बघत आले मी. पोरगं गावाकडं गेलं की तू भिंतीवर रेघ मारायचीस आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे सोडायचीस. म्हणायचीस, न खाल्लेल्या अन्नाचे पैसे घेऊ नये."

"मंग बरोबरच हाय की. पोरगं जेवायला न्हाई आलं तर माझ्या दोन भाकरी वाचायच्या. वाटीभर वरन वाचायचं. तेवढं मी सोडायची. आता तू मला सांग, पोरगं कराटेला न्हाई आलं तर तुझं काय वाचतं? तुझा घसा? का हॉलचा मालक तुझे खाडे धरतो?"

सहा वर्षं! सहा वर्षं ज्योत्स्नानं दर महिन्याला रात्रीचा दिवस करून एकेका पोराचे खाडे मोजले होते. कुणाचा एक दिवस जास्त धरला जाऊ नये म्हणून हजेरीपट दोनदा तपासला होता. आपण किती चोख आहोत याचा तिला अभिमान होता. आणि या चोखपणातली साधी गोष्ट तिच्या कधी डोक्यातच शिरली नव्हती. तिच्या अंगात एकदम वारं शिरलं. ती उठली, कपाटातून हजेरीपट काढला आणि तुरीतच फतकल मारून बसली.

मागच्या महिन्याचे खाडे भरले सहाशे चाळीस. तेवीसनं गुणले.

"चौदा हजार सातशे वीस!" ती ओरडली. क्लासमध्ये शेवटच्या ठोशाला ओरडायची तशीच ओरडली. "माय, एका महिन्यात चौदा हजार सातशे वीस गं! पोरं कमी नाहीत, फी कमी नाही. मीच सोडून दिलेत!"

"हळू बोल, शेजारी वाटंल लॉटरी लागली."

लॉटरीच होती ती. ज्योत्स्ना मागचे महिने उलटत गेली, आणि जसजशी उलटत गेली तसतसं तिला काही सुचेना. हजेरीपट तिनं रोज भरला होता पण वाचला कधी नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, आणि वीस तारखेनंतर निम्म्या चौकोनांत फुल्या. दर महिन्याला तेच. लग्नसराई असो, परीक्षा असो, नसो. तिला वाटायचं, महिनाअखेरीला पोरं कंटाळत असतील.

"सोडून गेलेली पोरं बघ," मुक्ताबाई म्हणाल्या. त्या आता चष्मा लावून शेजारी सरकल्या होत्या. "माझ्या मेसमदी ज्याचे खाडे वाढले, तो पुढच्या दोन महिन्यांत मेस सोडायचाच. मी आधीच वळखायची."

वर्षात एकोणीस पोरं सोडून गेली होती. त्यातल्या सतरा पोरांचे खाडे आधीच्या दोन महिन्यांत बारा-बारा, पंधरा-पंधरा. ज्योत्स्नाला प्रत्येकाचं तोंड आठवलं. तिनं तेव्हा काय केलं होतं? प्रत्येकाचे खाडे मोजून पैसे सोडले होते, आणि तेही हसतमुखानं.

"म्हणजे खाडा दिसला की पैसे कापायचे नाहीत, पोराच्या घरी जायचं," ती म्हणाली. "आणि बुडालेला दिवस रविवारी सकाळी भरून द्यायचा. फी तीच सहाशे, पण पूर्ण. खाड्याचे पैसे नाहीत, खाड्याचा क्लास!"

तिनं लगेच मांडलं. साठ पोरांची पूर्ण फी आली तरी खर्च जाऊन साडेतेवीस हजार उरत होते. बत्तीस नव्हते, पण घर चालत होतं, गोळ्या होत होत्या, आणि स्वतःच्या हॉलमध्ये स्वतःच्या पोरांसमोर उभं राहता येत होतं. साठ. तिनं तो आकडा हजेरीपटाच्या कोपऱ्यात लिहून त्याला गोल केला. सोमवारच्या आत साठ पालकांनी होकार दिला तर संभाजीनगरला नाही कळवायचं. नाही दिला तर बॅग भरायची. मायलेकींचं असं ठरलं आणि ज्योत्स्ना इतकी हरखली की सांडलेली तूर तशीच तुडवत क्लासला पळाली.

तिच्या आनंदाला व्हॉट्सअॅपनं दुसऱ्याच दिवशी विरजण घातलं. पालकांच्या ग्रुपवर तिनं निरोप टाकला, "या महिन्यापासून खाडे वजा होणार नाहीत. बुडालेला दिवस रविवारी सकाळी सहा वाजता भरून मिळेल. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पालक सभा." पहिल्या तासात अकरा अंगठे आले. मग एक लांबलचक ऑडिओ आला आणि ग्रुप एकदम गप्प झाला.

ऑडिओ विठ्ठलरावांचा होता.

विठ्ठलराव म्हणजे या भागाचं दूध. दोन म्हशींपासून सुरुवात करून बावीस म्हशींपर्यंत पोचलेला माणूस. मुलगा-सून पुण्याला कंपनीत कामाला, आणि तेरा वर्षांची नात शिवकन्या आजोबांजवळ. क्लासच्या निम्म्या घरांत त्यांचाच रतीब. पैशाला चिकट, पण दुधात पाण्याचा थेंब नाही आणि मापात कधी बोट नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ऑडिओत ते एवढंच म्हणाले होते, "मॅडम, आमी सभेला येतो. पन एक सांगा. ज्या दिवशी मी दूध घालत न्हाई, त्या दिवशीचे पैसे मी घेतो का?" त्याखाली पुढच्या दोन दिवसांत सदतीस पालकांनी "बरोबर आहे" असं लिहिलं.

"सदतीस," ज्योत्स्ना म्हणाली. चौसष्टातून सदतीस गेले तर उरतात सत्तावीस.

"लिहिनं सोपं असतं," मुक्ताबाई म्हणाल्या. "सभेला तोंडासमोर बोलू दे."

शनिवारी सभेला पालक एवढे आले की बसायला मॅट पुरल्या नाहीत. पोरं ड्रेस घालून भिंतीला टेकून उभी. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची पकडली होती. ज्योत्स्नानं भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर भाडं, बिल, खाडे असं सगळं स्केच पेननं लिहिलं होतं. ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिनं स्केच पेनचं टोपण तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. राज्य स्पर्धेच्या फायनललाही तिचं असं झालं नव्हतं.

तिनं हिशोब सांगितला, चांगला सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. आणि मग विठ्ठलराव टोपी सारखी करत उठले.

"मॅडम, तुमचा हिशोब खरा हाय. माझा बी ऐका. तीस वरीस दूध घालतो. म्हैस आटली, पाऊस झाला, मी आलो न्हाई, तर गिऱ्हाइकाचा तेवढा खाडा. कुनाचा एक रुपया मी जास्तीचा घेतला न्हाई. तुमी बी आजवर तसंच केलं. लई भारी बाई हाय, असं मी घरोघरी सांगत गेलतो. आता तुमी म्हनता, पोरगी न्हाई आली तरी पैसे द्या. कावून?"

"बरोबर हाय!" मागून दोन-तीन आवाज आले. कुणीतरी टाळीही वाजवली.

ज्योत्स्नाकडे उत्तर होतं. आईचं भाकरीचं उत्तर होतं, भाड्याचं उत्तर होतं. पण तिच्या लक्षात आलं, हे सगळं तिच्या बाजूचं आहे. तिचं भाडं, तिचं बिल. समोरच्या माणसानं त्याच्या खिशातून का द्यावं, याचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "दूध एक दिवस आलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं दूध पातळ होत नाही. इथं होतं."

"काय पातळ होतं?" विठ्ठलराव पेटले. "माझी नात दोन वरीस येती. काय कमी हाय तिच्यात? दावा ना! सगळ्यांसमोर दावा!"

ज्योत्स्ना गडबडली. तिला हे नको होतं. पण शिवकन्या स्वतःच रांगेतून पुढं आली. काटक, काळीसावळी, पट्टा नीट बांधलेली. तिच्याबरोबर एकाच दिवशी क्लासला आलेली वर्षाराणीही पुढं ढकलली गेली. वर्षाराणीची आई सरस्वतीबाई धुण्याभांड्याची कामं करायची आणि दोन वर्षांत तिच्या लेकीचे सगळे मिळून अकरा खाडे होते. विठ्ठलरावांनी मारायचं पॅड स्वतःच उचललं आणि छातीशी धरलं.

"हान," ते नातीला म्हणाले.

शिवकन्यानं लाथ मारली. नेम चुकला नाही, पण पाय पॅडला लागून परत आला, एवढंच. विठ्ठलराव हलले नाहीत. त्यांनी अभिमानानं सगळीकडं बघितलं.

मग वर्षाराणीनं मारली. हॉलमध्ये फट्‌ असा आवाज झाला, विठ्ठलराव दोन पावलं मागं गेले, टोपी डोळ्यांवर आली आणि मागच्या बाईनं हात दिला नसता तर बावीस म्हशींचा मालक मॅटवर बसला असता. पोरं टाळ्या वाजवत ओरडली. मोठी माणसंही खो खो हसली. विठ्ठलरावांनी टोपी वर केली तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मंग दोन वरीस शिकवलं काय हिला?" त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं.

"मी सांगू का, आबा?" शिवकन्या म्हणाली.

ती रडत नव्हती. तिचे कान तेवढे तापलेले दिसत होते.

"मी बी तशी मारली असती. पन वीस तारीख झाली की तुमी मला पाठवत न्हाई. तुमी म्हनता, आता घरी बस, नऊ खाडे धरू, चारशेच्या आत भागंल. दर महिन्याला. मी म्हनते, आबा, आज नवीन किक शिकवनार हायेत. तुमी म्हनता, एक तारखेला जा. एक तारखेला जाते तर सगळे पुढं गेलेले असतात. मंग वर्षाराणी मला शिकवती आन् वीस तारखेपर्यंत मला जमाया लागतं. की परत घरी."

ज्योत्स्नानं समोर बसलेल्या पालकांकडे पाहिलं. एकेकाची मान खाली गेली होती. एक बाई पदराचं टोक चिमटीत धरून उगाच निरखत होती. एक माणूस मोबाईल काढून बंद पडद्याकडे बघत होता. म्हणजे एकटे विठ्ठलरावच नव्हते. हजेरीपटातल्या वीस तारखेनंतरच्या सगळ्या फुल्या तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागल्या. पोरं कंटाळत नव्हती. पोरांना घरी बसवलं जात होतं, कारण घरी बसवलं की तेवीस रुपये वाचत होते. आणि ते तेवीस रुपये कार्डावर छापून तिनंच दिले होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आबांची नाही, कुणाचीच नाही. मला वाटलं, मी खाडे सोडते म्हणजे मी प्रामाणिक. पण मी पोरांना घरी बसवायचे पैसे देत होते. सहा वर्षं. शिवकन्या, मला माफ कर गं." तिनं भिंतीवरचा कागद ओढून काढला. "हा हिशोब विसरा. फी पूर्ण घेणार मी, कारण फी पूर्ण असली की तुम्ही पोरांना रोज पाठवाल. आणि मागचे जेवढे खाडे झालेत तेवढे सगळे रविवारी भरून देणार. त्याचे पैसे नाहीत. उद्यापासून."

"उद्यापासून किती दिवस?" मुक्ताबाई खुर्चीवरून एकदम बोलल्या. लेकीनं डोळे वटारले, पण त्या ऐकतात होय! "तिला संभाजीनगरच्या शाळेनं बोलावलंय. बत्तीस हजार पगार. सोमवारी कळवायचंय. साठ पोरांची पूर्ण फी ठरली तर ती हितं, न्हाई तर हॉलला कुलूप. ती सांगनार न्हाई, म्हनून मी सांगते. ज्याला पटतंय त्यानं उद्या सकाळी सहाला पोरगं पाठवावं. मी जिन्यात बसून मोजते."

सभा मोडली ती कुजबुजतच. सरस्वतीबाई जाताना ज्योत्स्नाचा हात दाबून गेल्या. विठ्ठलराव कुणाशी न बोलता नातीचं मनगट धरून जिना उतरले, आणि त्यांच्यामागं त्यांचा सगळा रतीब उतरला. ज्योत्स्नाला वाटलं, संपलं. गंमत म्हणजे तिला रडू येत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं होतं की आपल्या क्लासात नेमकं काय चाललंय.

रविवारी साडेपाचला तिनं हॉल झाडून काढला. मुक्ताबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर वही घेऊन बसल्या, गुडघ्यांवर चादर टाकून. सहाला दहा कमी असताना वर्षाराणी आली. तिचे अकरा खाडे होते, तेही तिला भरायचे होते. मग दोन भाऊ आले, डोळे चोळत. मग चार मुली एका रिक्षातून. सहा वाजले तेव्हा मुक्ताबाईंचा आकडा तेवीसवर होता.

"तेवीस," त्यांनी वर ओरडून सांगितलं.

तेवीस तर तेवीस. ज्योत्स्नानं पोरांना रांगेत उभं केलं आणि पळायला लावलं.

सव्वासहाला जिन्यात पुन्हा चपला वाजल्या. आणि मग वाजतच राहिल्या. कुणाचा ड्रेस उलटा, कुणाचे केस तसेच, कुणाच्या ओठावर दुधाची मिशी. त्यांना सोडायला आलेले बाप बनियनवर शर्ट अडकवून खाली मोटारसायकली लावत होते. मुक्ताबाई आकडे ओरडत होत्या, "एकतीस! चौतीस! अगं, थांबा गं, एकेक या! चाळीस!" पळणारी रांग हॉलभर फिरून स्वतःच्याच शेपटीला भिडली. ज्योत्स्नानं दारातून आत आलेल्या एका पोराला विचारलं, "तू कसा रे आलास? तुझे पप्पा तर नाही म्हणाले होते."

"दूधवाले आबा आलते पाचला," पोरगं धापा टाकत म्हणालं. "पप्पाला म्हनले, पोराला उठवा, मंगच माप ओततो."

ज्योत्स्ना खिडकीकडे धावली. खाली अजून दोन मोटारसायकली वळत होत्या. कोपऱ्यावर कुणीतरी लेकराला अर्धं झोपेत खांद्यावर टाकून आणत होतं. गल्लीतल्या बायका हातात दुधाचं पातेलं घेऊन ही जत्रा बघत उभ्या होत्या.

"अठ्ठावन्न!" जिन्यातून आवाज आला. मग जरा वेळ काहीच नाही. ज्योत्स्ना खिडकी सोडून दाराशी आली. "एकोनसाठ! साठ! ज्योत्स्ने, साठ झाले गं! एकसष्ट!"

पोरांना नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण मॅडम उड्या मारतायत म्हटल्यावर तीही उड्या मारायला लागली. खालच्या दुकानाचं शटर उघडत असलेला दुकानदार छताकडे बघून काहीतरी पुटपुटला.

सगळ्यात शेवटी विठ्ठलरावांची मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंचे कॅन रिकामे वाजत होते आणि मधे शिवकन्या बसली होती. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. तिच्यामागून विठ्ठलराव आले, हातात रतिबाची जुनी वही. दारातच थांबले. आत यायला त्यांना जड जात होतं, ते दिसत होतं.

"मॅडम, रातच्याला बसून मोजले," ते म्हणाले. "दोन वर्सांत पोरीचे दोनशे सोळा खाडे. चार हजार नऊशे अडुसष्ट रुपये वाचवले मी." त्यांनी वही मिटली. "पैसे द्यायला आलो न्हाई. तुमी घेनार बी न्हाई. पन तुमी म्हनला, खाडे भरून देते. दोनशे सोळा रविवार म्हंजे किती दिस लागतील?"

ज्योत्स्नानं मनात भागाकार केला. तिच्याआधी शिवकन्यानंच उत्तर दिलं.

"चार वरसांच्या वर, आबा. मी सतरा वरसाची होईन."

विठ्ठलरावांनी नातीकडे पाहिलं. दोन वर्षांत वाचवलेल्या सगळ्या पैशांपेक्षा मोठं काहीतरी त्यांच्या तोंडावर दाटून आलं आणि त्यांना टोपी काढून तोंड पुसावं लागलं.

"हो की मंग," ते म्हणाले. "मी सोडत जाईन तुला." मग ते ज्योत्स्नाकडे वळले. "मॅडम, तुमी ऱ्हाताल का चार वरीस?"

हॉलमधली बासष्ट पोरं उड्या थांबवून बघत होती. जिना चढून मुक्ताबाई दाराशी येऊन टेकल्या होत्या, धापा टाकत.

"राहते," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं शिवकन्याला पहिल्या रांगेत वर्षाराणीशेजारी जागा करून दिली आणि पॅड स्वतःच्या छातीशी धरलं.

"चल, मार," ती म्हणाली. "दोनशे सोळांतला आजचा पहिला."